कर्णधार धोनी आणि खेळाडू धोनी

महेंद्रसिंग धोनी निवृत्त कधी होणार, हा प्रश्न आता दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेटीबरोबर घरात येतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत मुक्काम ठोकून बसतो. आम्ही नेरूळला राहतो. डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसतात, आणि सामन्याच्या दिवशी मैदानातली गर्जना आधी ऐकू येते, चौकार टीव्हीवर नंतर दिसतो. घरातली मोठी माणसे मुंबई इंडियन्सची, मुलगा मात्र शाळेत असल्यापासून पिवळ्या जर्सीचा, म्हणजे धोनीच्या चेन्नई सुपर किंग्जचा. त्यामुळे या प्रश्नावर आमच्याकडे जेवढी तावातावाने चर्चा होते, तेवढी सोसायटीच्या पुनर्विकासावरही होत नाही.

या चर्चेत मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. बोलणे सगळे धोनीच्या गुडघ्यांचे, वयाचे आणि त्याच्या नावावर भरणाऱ्या मैदानांचे होते. त्याच्या कर्णधारपदाचा विषय निघतो तो फक्त कौतुकापुरता. वास्तविक ज्या माणसाचे नाव सर्वांत आधी कर्णधार म्हणून राहणार आहे, त्याने आता खेळावे की थांबावे हे ठरवताना साक्षीला कर्णधार धोनीलाच बोलवायला हवे. चव्वेचाळीस वर्षांचा, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला, पण यष्टींमागे अजून विजेसारखा हलणारा एक खेळाडू त्याच्या संघात असता, तर त्या कर्णधाराने काय केले असते?

कर्णधार म्हणून त्याची ओळख झाली तीच एका विचित्र प्रसंगातून. १४ सप्टेंबर २००७ रोजी डर्बनला टी-ट्वेंटी विश्वचषकातला पाकिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला आणि निकाल 'बोल-आउट'वर गेला, म्हणजे समोर फलंदाज नसताना नुसती यष्टी उडवायची. पाकिस्तानने आपले नेहमीचे गोलंदाज पुढे केले. भारताकडून आले सेहवाग, हरभजन आणि चक्क रॉबिन उथप्पा. धोनी यष्टींच्या अगदी मागे गुडघे टेकून बसला होता, म्हणजे टाकणाऱ्याने डोके न चालवता चेंडू सरळ त्याच्याकडे फेकायचा होता. पाकिस्तानचा यष्टिरक्षक मात्र बाजूला, नेहमीच्या जागी उभा होता. तिघांचेही चेंडू यष्टीवर लागले. दहा दिवसांनी अंतिम सामन्यात, हरभजनचे एक षटक शिल्लक असताना, शेवटचे षटक जोगिंदर शर्माला देण्यात आले आणि भारत ५ धावांनी जिंकला. २०१३ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात मार खाल्लेल्या इशांत शर्माला त्याने अठरावे षटक दिले, आणि इशांतने मॉर्गन आणि बोपारा यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले. नशीब म्हणायला हरकत नाही, पण नशीब एकाच माणसाकडे इतक्या वेळा जेवायला येत नाही. या माणसाला कोणाचे षटक आता सुरू करायचे आणि कोणाचे थांबवायचे, हे बाकीच्यांपेक्षा आधी कळत असे.

याचा सर्वांत जवळून पाहिलेला आणि आम्हाला सर्वांत महागात पडलेला दाखला आमच्याच नेरूळमधला आहे. २५ एप्रिल २०१० रोजी आयपीएलचा अंतिम सामना येथे झाला, मुंबई विरुद्ध चेन्नई. सचिन तेंडुलकर उपांत्य सामन्यात फाटलेल्या हाताला टाके घालून खेळत होता आणि तरीही त्याने ४८ धावा केल्या. चेन्नईच्या १६८ धावा होत्या. पोलार्डला मुंबईने आठव्या क्रमांकावर पाठवले (या निर्णयाबद्दल आमच्या घरात आजही कोणाला माफी मिळालेली नाही), पण आल्या आल्या त्याने असे काही फटके मारले की स्टेडियम पुन्हा उभे राहिले. तेव्हा धोनीने मॅथ्यू हेडनला हलवायला सुरुवात केली. हेडन मिड-ऑफला होता. धोनीने हाताने खुणा करत त्याला आणखी सरळ, आणखी सरळ असे करत जवळजवळ गोलंदाजाच्या पाठीमागे, साइटस्क्रीनच्या रेषेत नेऊन उभे केले. माझे धाकटे दीर कित्येक वर्षे कांगा लीग, म्हणजे मुंबईतली पावसाळ्यातली क्लब स्पर्धा, खेळलेले. ते शेजारी बसून म्हणाले, "वहिनी, ही फिल्डिंग कोणत्याच पुस्तकात नाही." थोड्या वेळाने अल्बी मॉर्केलच्या चेंडूवर पोलार्डने नेमका तिथेच, सरळ आणि सपाट फटका मारला आणि हेडनने तो झेलला. १० चेंडूंत २७ धावा करून पोलार्ड परतला, आम्ही २२ धावांनी हरलो, आणि चेन्नईचे पहिले आयपीएल विजेतेपद नवी मुंबईत लिहिले गेले. त्या रात्री सायन-पनवेल रस्त्याच्या कडेने घरी चालत येताना भाऊजी हेडनची जागा हाताने दाखवत राहिले.

पुढे २०११ चा विश्वचषक, वानखेडेवर स्वतःला युवराजच्या आधी बढती देऊन केलेल्या नाबाद ९१ धावा, तो षटकार, हे सगळे इतक्यांदा सांगून झाले आहे की मी पुन्हा सांगत नाही. टी-ट्वेंटी विश्वचषक, एकदिवसीय विश्वचषक आणि चॅम्पियन्स करंडक हे तिन्ही जिंकणारा तो एकमेव कर्णधार आहे. २००९ च्या डिसेंबरमध्ये ब्रेबॉर्नवर श्रीलंकेला हरवून भारत कसोटीत प्रथमच अव्वल ठरला, तोही त्याच्याच हाताखाली. आणि २०११-१२ मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात मिळून सलग आठ परदेशी कसोट्या हरलो, त्यांतल्या सात त्याच्याच हाताखाली (आठवीला, ॲडलेडला, तो बंदीमुळे बाहेर होता आणि सेहवाग कर्णधार होता). वारसा मोजताना त्या कसोट्या गाठोड्यातून बाजूला काढून ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मला त्याच्या कारकिर्दीतला अधिक बोलका भाग वाटतो तो सोडण्याचा. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरला सौरव गांगुलीची शेवटची कसोटी होती. विजय दृष्टिपथात आल्यावर धोनीने काही षटकांसाठी संघ गांगुलीच्या हवाली केला, म्हणजे जुन्या कर्णधाराला एकदा पुन्हा क्षेत्ररक्षण लावता यावे. दुसऱ्याला असा निरोप देणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी मात्र काहीच ठेवले नाही. ३० डिसेंबर २०१४ रोजी मेलबर्नची कसोटी अनिर्णित राखली, पत्रकारांशी नेहमीसारखे बोलला, आणि नंतर मंडळाच्या पत्रकातून जगाला कळले की मालिका अर्धवट असतानाच तो कसोटीतून निवृत्त झाला आहे. ९० कसोट्या झाल्या होत्या. शंभर करण्याचा मोह त्याला झालेला दिसला नाही. जानेवारी २०१७ मध्ये मर्यादित षटकांचे कर्णधारपद सोडले, ते पुढच्या विश्वचषकापूर्वी कोहलीला पुरेसा वेळ मिळावा अशा बेताने. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून तो गेला तो १५ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, १९ वाजून २९ मिनिटांपासून आपल्याला निवृत्त समजावे, एवढीच ओळ लिहून. करंडक स्वीकारायचा, तरुण खेळाडूच्या हातात द्यायचा आणि छायाचित्रात कडेला उभे राहायचे, ही त्याची सवय तर सर्वांनी पाहिलेली आहे.

असा माणूस आयपीएलमध्येच का अडकून पडला आहे, याचे उत्तर मुंबईच्या क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला दोन प्रकारे सुचते. भाऊजी एकदा फलंदाज विजय मर्चंट यांचा दाखला देतात आणि एकदा फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचा, म्हणजे त्या दिवशी कोणाशी वाद घालायचा आहे त्यावर ते अवलंबून. मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून थांबले, आणि ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी ठरली. खांदा दुखावला होता हे खरे, पण 'का थांबलात' असे लोक विचारत असतानाच थांबावे, 'का थांबत नाही' असे विचारायची वेळ येऊ देऊ नये, हे त्यांच्या नावाने सांगितले जाणारे वचन दादर-माटुंग्याच्या मैदानांवर पाठ असते. शिवलकरांना भारताकडून खेळायलाच मिळाले नाही, त्यामुळे भारताकडून निरोप घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण १९८७-८८ च्या मोसमात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते मुंबईसाठी रणजी खेळले. आणि कांगा लीगमध्ये तर भर पावसात, चिखलात, पोट सुटलेले आणि केस पिकलेले गृहस्थ अजूनही पहिल्या स्लिपमध्ये उभे असतात. कोणी त्यांना वय विचारत नाही, चेंडू वळतो का एवढेच विचारतात.

शिवलकरांचा दाखला धोनीला लावावा असे मला फार काळ वाटत होते. कारण धोनीने स्वतः कधी वयाकडे पाहिले नाही. २०१८ मध्ये दोन वर्षांच्या बंदीनंतर चेन्नईचा संघ परतला तेव्हा तिशी ओलांडलेल्यांचा संघ म्हणून त्याची थट्टा झाली होती. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात छत्तिशीतल्या शेन वॉटसनने पहिले दहा चेंडू खाऊन एकही धाव काढली नाही, आणि नंतर ५७ चेंडूंत नाबाद ११७ धावा करून करंडक चेन्नईला नेला. पळता येत नसेल तर वॉटसनला कुठे उभे करायचे आणि त्याच्याकडून काय काढून घ्यायचे, हे धोनीला माहीत होते. विश्वासातल्या खेळाडूला तो गरजेपेक्षा जास्त संधी देतो, ही टीकाही त्याच्यावर याच स्वभावामुळे होत आली. आपल्या मुंबईच्या रोहित शर्माला २०१३ मध्ये सलामीला पाठवले गेले, त्यामागेही हाच लांब दोर होता, आणि त्याचे फळ काय मिळाले ते सांगायला नको.

पण याच कर्णधाराची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. २०१२ च्या ऑस्ट्रेलियातील तिरंगी मालिकेत त्याने सचिन, सेहवाग आणि गंभीर या तिघांना एकाच वेळी न खेळवता आलटूनपालटून खेळवले, आणि तिथल्या मोठ्या मैदानांवर तिघेही एकदम असले तर क्षेत्ररक्षणात धावा जातात, असे कारण उघडपणे सांगितले. त्या वेळी आमच्याकडे त्याच्या नावाने बोटे मोडली गेली. सचिनला बाहेर बसवणारा हा कोण? आज शांतपणे विचार करता मला वाटते की तो त्या क्षणी आपले काम करत होता. समोर कोणाचे नाव आहे ते बाजूला ठेवून त्या नावामुळे अकरा जणांचे काय होते एवढेच त्याने पाहिले होते.

आता तीच नजर २०२५ च्या मोसमाकडे वळवावी. २८ मार्चला चेपॉकवर, म्हणजे चेन्नईच्या घरच्या मैदानावर, बंगळुरूविरुद्ध सामना हातचा जात असताना धोनी नवव्या क्रमांकावर, अश्विनच्याही नंतर, खेळायला आला. १६ चेंडूंत नाबाद ३० धावा केल्या आणि चेन्नई ५० धावांनी हरली. त्याचे गुडघे पूर्वीसारखे नाहीत आणि दहा षटके पळत फलंदाजी करणे त्याला जमणार नाही, असे प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनी काही दिवसांत स्पष्टच सांगितले. हे ऐकून माझा मुलगा रागावला, पण मला फ्लेमिंग यांचा प्रामाणिकपणा आवडला. दुसरीकडे त्याच मोसमात नूर अहमदच्या चेंडूवर सूर्यकुमार यादव एक पाऊल पुढे गेला आणि मागे वळून पाहीपर्यंत बेल्स खाली पडल्या होत्या. लखनौविरुद्ध ११ चेंडूंत नाबाद २६ करून तो सामनावीरही झाला. म्हणजे हात अजून तेच आहेत, नजर तीच आहे. पाय तेवढे राहिलेले नाहीत. मोसमाच्या शेवटी चेन्नई पहिल्यांदाच तळाला, दहाव्या स्थानी होती.

नेरूळमध्ये राहून, धोनीने आता थांबावे, या मताला येणे सोपे नाही, कारण २१ एप्रिल २०२२ ची रात्र आम्ही विसरलेलो नाही. मुंबईविरुद्ध चेन्नईला शेवटच्या चार चेंडूंत १६ धावा हव्या होत्या, गोलंदाज जयदेव उनाडकट. मी घरी टीव्हीसमोर होते. खिडकीतून प्रत्येक वेळी आवाज आधी आला आणि मग पडद्यावर षटकार, चौकार, दोन धावा, चौकार. मुंबईचा तो सलग सातवा पराभव होता. टोपी काढून धोनीपुढे वाकणारा जडेजा त्या दिवशी चेन्नईचा कर्णधार होता, याची आठवण मात्र फार थोड्यांना राहिली आहे. मोसमाच्या तोंडावर मिळालेले कर्णधारपद त्याने ३० एप्रिलला परत केले आणि ते पुन्हा धोनीकडे गेले.

माझ्या मते खरी अडचण गुडघ्यांपेक्षा या ठिकाणी आहे. माजी कर्णधार लाँग-ऑनला उभा असेल तर नवा कर्णधार त्याच्याकडे पाठ करू शकतो. तो यष्टींमागे असेल तर करू शकत नाही. गोलंदाज रन-अपच्या टोकावरून वळतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर यष्टिरक्षकच असतो, रिव्ह्यू घ्यायचा की नाही हे त्यालाच विचारले जाते, क्षेत्ररक्षक दोन पावले डावीकडे सरकतात ते त्याच्याच बोटाकडे पाहून. मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या ऋतुराज गायकवाडकडे संघ आला. त्याने त्या मोसमात ५८३ धावा केल्या, कुठेही तोल जाऊ दिला नाही, आणि तरीही प्रत्येक अवघड क्षणी कॅमेरा धोनीवर गेला. पुढच्या मोसमात कोपराच्या दुखापतीने ऋतुराज बाहेर गेला आणि कर्णधारपद आपोआप पुन्हा जुन्या पत्त्यावर पोहोचले. यात धोनीचा काही डाव आहे असे मी म्हणत नाही. पण आपण नुसते उभे राहिल्यानेही दुसऱ्याची जागा अडते, हे ओळखणे त्याला कर्णधार असताना चांगले जमत असे.

ऋतुराजच्या जागी जो मुलगा आला त्याचे नाव आयुष म्हात्रे, आपल्या विरारकडचा. २० एप्रिल २०२५ रोजी वानखेडेवर पहिलाच सामना, १५ चेंडूंत ३२ धावा. पुढे बंगळुरूविरुद्ध ९४. त्याचा जन्म जुलै २००७ चा, म्हणजे डर्बनचा बोल-आउट झाला तेव्हा तो दोन महिन्यांचाही नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये जडेजा राजस्थानला गेला आणि संजू सॅमसन, म्हणजे एक तयार यष्टिरक्षक, चेन्नईत आला. हे लिहिताना २०२६ चा मोसम सुरू व्हायचा आहे. संघाने धोनीला ठेवले आहे, आणि ठेवण्यात पैशाचे गणित आहे हे कोणी नाकारू नये. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला 'अनकॅप्ड', म्हणजे देशाकडून न खेळलेला, धरण्याच्या नियमामुळे तो ४ कोटींत मिळाला, आणि चार कोटींत तेवढी तिकिटे आणि जर्सी खपवून देणारा दुसरा माणूस भारतात नाही. चेन्नईचा गडी बाद झाला की चेन्नईचेच प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कारण आता धोनी येणार. हे दृश्य मला प्रेमाचे वाटत असले तरी बाद होऊन परतणाऱ्या त्या गड्याला काय वाटत असेल, असा विचार आल्यावाचून राहत नाही.

२०२१ मध्ये चेन्नईत झालेल्या सत्कारात तो म्हणाला होता की आपला शेवटचा टी-ट्वेंटी सामना चेन्नईत व्हावा, मग तो पुढच्या वर्षी असो किंवा पाच वर्षांनी. ती पाच वर्षे आता भरत आली आहेत. मेलबर्न आणि त्या १५ ऑगस्टचा अनुभव पाहता तो आधी जाहीर करून, माळा घालून घेऊन जाईल असे मला वाटत नाही, पण चेपॉकवरचा एक सामना त्याने स्वतःसाठी मागून घ्यावा, आणि तो मोसमाच्या सुरुवातीलाच मागून घ्यावा, म्हणजे उरलेल्या सामन्यांत हातमोजे सॅमसनकडे राहतील आणि ऋतुराजला मागे वळून पाहावे लागणार नाही. कर्णधार धोनीने खेळाडू धोनीला ड्रेसिंग रूममध्ये ठेवले असते, सल्ला घेतला असता, नेट्समध्ये फिरकी गोलंदाजांच्या मागे उभे केले असते. अकरा जणांत घेतले नसते, असे माझे मत आहे.

हे मत मी मागच्या रविवारी जेवताना बोलून दाखवले आणि घरात वादळ झाले. भाऊजींनी वादात न पडता वर्तमानपत्राच्या कडेला चेन्नईचा संघ लिहायला घेतला. ऋतुराज, म्हात्रे, सॅमसन, शिवम दुबे असे करत अकरा नावे झाली आणि त्यांत धोनी नव्हता. मुलाने कागद ओढून घेतला आणि सातव्या जागी धोनीचे नाव घातले. "घाल की," भाऊजी म्हणाले, "पण मग एकाला काढावं लागेल. म्हात्रेला काढतोस?" मुलगा लगेच म्हणाला, "म्हात्रेला नाही, काका." मग कोणाला, हे त्याला अजून ठरवता आलेले नाही. बारा नावांचा तो कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे.